जुन्या जागेवरचा निळा ठिपका

आमचं गाव एका जागी राहत नाही. पाणी चढलं की आम्ही डोंगराच्या बाजूला सरकतो, उतरलं की मागे मागे तोन्लेसाप सरोवराच्या खोल पोटात जातो. घरं, शाळा, डुकरांचे पिंजरे, माझं, म्हणजे कुन्थियाचं, कॉफीचं दुकान, सगळं बांबूच्या तराफ्यांवर. बाहेरचं कुणी विचारतं, "कोम्पोंग रेआंग कुठे आहे हो?" मी विचारते, "आजचं का?" ते हसतात. मला मेलीला हसू येत नाही, कारण मी थट्टा केलेलीच नसते.

या गावाला इकडून तिकडे नेणारा माणूस म्हणजे ता सारेत. ता म्हणजे आजोबा, पण मी लहान होते तेव्हाही सगळे त्यांना ताच म्हणायचे. घरं ओढणं हा त्यांचा धंदा. जाडजूड दोर, यंत्राची होडी आणि तोंडात कायम विझलेली विडी. पहाटेचं धुकं पाण्यावर बसलेलं असायचं, आणि त्या धुक्यातून एकेक घर निघायचं. खिडकीत बाई केस विंचरतेय, ओसरीवर कुत्रं झोपलंय, चुलीचा धूर मागे रेघ ओढत चाललाय, आणि पुढे ता सारेतांची होडी टुकटुकत. लहानपणी मी अंथरुणात पडून बघायचे. आपण हलतोय की झाडं हलताहेत हेच कळायचं नाही. आजही मला गाढ झोप लागते ती घर ओढलं जात असतानाच.

नव्या जागी कुणाचं घर कुठे लावायचं, ते तेच ठरवायचे. डोळे बारीक करून आधी डोंगराकडे बघायचे. विहाराचा कळस खिंडीच्या बरोबर मधोमध आला पाहिजे. मग मान वळवून दुसरीकडे. एकटा ताड टेकडीच्या टोकावर चढला पाहिजे. या दोन रेषा जिथे एकमेकींना भेटतात तिथे नांगर. "हं, टाका," म्हणायचे, की झालं. वाद घालायची कुणाची छाती नव्हती.

आणि स्वतःचं घर सगळ्यात शेवटी. आख्खं गाव गेल्यावर. तोवर त्यांची बायको, यीय चोम, जुन्या जागी एकटी. (यीय म्हणजे आजी. चिडली की माझ्यापेक्षा तिखट, एवढं सांगितलं की पुरे.) ती म्हणायची, "गावाची वरात काढतो आणि बायकोला पाण्यात ठेवतो! चार दिवस मी आणि माझी चूल. बोलायला बगळेसुद्धा नाहीत, तेही गावाबरोबर गेले." ता हसायचे. "मी सगळ्यांच्या मागून येतो, पण येतो ना?" म्हणायचे. मग ती भात वाढायची.

त्यांची लेक मालिस कोरियात गेली. तिकडे प्लास्टिकच्या मांडवाखाली भाजीच्या मळ्यात काम करते. तिनं आईबापांसाठी फोन पाठवले आणि एकमेकांची जागा एकमेकांना दिसेल अशी सोय करून दिली. नकाशावर ठिपके. लेकीचा ठिपका तिकडे समुद्रापलीकडे, हिरव्या पट्ट्यात. यीय सकाळी चहाच्या आधी तो बघायची. बोटानं हळूच दाबायची, गालावरचं काजळ पुसावं तशी. "झोपलीय अजून," म्हणायची. ठिपक्यावरून झोप कशी कळते, विचारायची सोय नव्हती.

एकदा मालिस व्हिडिओवर आली होती तेव्हा तांनी विचारलं, "पण या डब्याला कळतं कसं गं, मी कुठंय ते?"

मालिस म्हणाली, "बाबा, वर आभाळात उपग्रह फिरतात. प्रत्येक जण सारखा आपली वेळ आणि आपली जागा सांगत असतो. ते ऐकू यायला किती वेळ लागला, त्यावरून फोन ओळखतो, हा इतका लांब, तो तितका लांब. असे चारेक जण ऐकू आले की आपण कुठे ते त्याला कळतं."

तांनी विडी तोंडाच्या दुसऱ्या कोपऱ्यात सरकवली. मग म्हणाले, "म्हणजे खुणा बघतो. माझा कळस, माझा ताड. याच्या खुणा आभाळात."

"अगदी तसंच!"

"आणि पत्र्याखाली?"

"पत्र्याखाली त्याला आभाळ नीट ऐकू येत नाही. मग तो आजूबाजूला कान देतो. टॉवर, नाहीतर वायफायचे डबे. कुन्थियाच्या दुकानातला डबा ऐकू आला की म्हणतो, हा डबा अमुक जागी असतो असं आपल्याकडे लिहिलेलं आहे, म्हणजे मी तिथेच."

"आणि डबाच हलला तर?"

मालिस हसायला लागली. "बाबा, जगात डबे हलत नाहीत. तुमच्याच गावात हलतात."

आणि तिथेच तर सगळी गंमत. गाव हललं की माझ्या दुकानातला डबा हलायचा, शाळेतला हलायचा, आरोग्य केंद्रातला हलायचा. तिघंही नव्या जागी बसून जुन्या जागेची साक्ष द्यायचे, आणि तिघांची साक्ष जुळली की फोनला शंका घ्यायचं कारणच उरायचं नाही. मग लोक उघड्यावर होडीतून ये-जा करायचे, त्यांचे फोन आभाळही ऐकायचे आणि डबाही ऐकायचे, आणि हळूहळू वर कुठेतरी नोंद बदलायची. ती बदलून होते न होते तोच आमचं पुन्हा चंबूगबाळं आवरायला सुरुवात.

याच्यापायी एकदा लग्नाचा वाजंत्रीताफा जुन्या जागी गेला. मुलीच्या मामानं घरात बसून जागा पाठवली होती, शहाण्यानं! पाणी उतरलेलं, गाव केव्हाच खोलात आलेलं. बिचारे वाजंत्री झाडांच्या बुंध्यांमध्ये होडी चिखलात रुतवून बसले. वाट बघून कंटाळले आणि शेवटी वाजवायला लागले. वाऱ्यावर तरंगत सूर इकडे यायचे, माणसं दिसायची नाहीत. नवरीच्या आजीनं हात जोडले, तिला वाटलं देवच आले. मामाला अजून कुणी धड जेवू देत नाही.

तेव्हापासून गावात बोलायची पद्धतच पडली. कुणाचा ठिपका जुन्या जागी दिसला की समजायचं, स्वारी पत्र्याखाली आहे, घरात नाहीतर माझ्या दुकानात. बायका नवऱ्याचा फोन बघायच्या आणि म्हणायच्या, "बसलाय जुन्या जागी, कॉफी ढोसत." आम्ही खोटं वाचायला शिकलो होतो आणि त्याचा आम्हाला केवढा अभिमान!

मग ता सारेत विसरायला लागले. आधी नावं, मग वार. घरं ओढायचं काम माझ्या नवऱ्याकडे, रितकडे आलं. ता त्याच्या शेजारी बसायचे आणि खिंडीकडे बोट दाखवायचे. ते मात्र कधी चुकलं नाही. पण रिकामं बसलं की कुठेतरी निघून जायचे, मनानं, आणि कधी कधी होडीनंही. यीयनं त्यांचा फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवला. दिवसातून कितीदा तरी ती ठिपका बघायची. तिचा सगळा जीव त्या निळ्या टिंबात होता. मला म्हणाली होती, "कुन्थिया, मरण मला समजतं गं. पण हरवला तर? मी जेवायला कुणाला वाढू, आणि नैवेद्य कुणाला दाखवू? दोन्ही कळणार नाही." तिला भीती एवढ्या एकाच गोष्टीची होती.

त्या वर्षी पितरांचा पंधरवडा चालू होता. आमच्याकडे या दिवसांत पितर सुटून येतात आणि एका विहारातून दुसऱ्या विहारात आपली माणसं शोधत फिरतात. सापडली नाहीत तर उपाशी परत जातात, शिव्याशाप देत. घराघरात केळीच्या पानात चिकट भात बांधायचं काम चाललेलं. गाव नुकतंच पुढे सरकलं होतं, नवं पाणी, अजून सवयीचं नसलेलं. दुपारी ऊन पिवळं झालं, वारा पडला आणि पाण्याला ती झोपाळू चकाकी आली. अशा वेळी मला कुणी काही विचारलेलं आवडत नाही.

यीयनं शेजारच्या तराफ्यावरून हाक मारली. "कुन्थिया, म्हातारा जुन्या जागी दाखवतोय. तुझ्याकडे आहे ना?"

मी आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. मागच्या फळीवर कुणीतरी घोरत होतं. "असतील," मी म्हटलं.

असतील! एवढाच शब्द. घोरणारा माणूस मासळीवाला होता.

जरा वेळानं डोंगरामागून काळं आभाळ वर आलं आणि वारा सुटला. असा की माझे प्लास्टिकचे स्टूल पाण्यात गेले. यीय गरम भाताचा पुडा घेऊन फळीवरून आली. "त्यांना दे, सकाळपासून मागे लागलेत." तिनं मागे बघितलं. मासळीवाला डोळे चोळत उठला. ती म्हणाली, "हे कुठंयत?"

"घरी नाहीत?"

"घरी असते तर मी इथं आले असते का?"

आम्ही दोघींनी फोन काढला. ठिपका जुन्या जागीच. मी म्हटलं, "अगं, म्हणजे इथेच कुठेतरी पत्र्याखाली असणार. शाळेत बघू, आरोग्य केंद्रात बघू…"

यीय फोनकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "याच्याभोवतीचा गोल कुठे गेला?"

रोज त्या ठिपक्याभोवती फिकट निळं, मोठं वर्तुळ असायचं, पाण्यात दुधाचा थेंब पसरावा तसं. मालिसनं सांगितलं होतं, ती त्याची शंका. जेवढं वर्तुळ मोठं, तेवढी त्याला कमी खात्री. आज वर्तुळ नव्हतं. नुसता ठिपका, टोकदार, आणि तो जागच्या जागी किंचित हेलकावे खात होता.

"आज त्याला शंका नाहीये," यीय म्हणाली. "आज तो आभाळ ऐकतोय."

तिच्या घरामागे बांधलेली लहान होडी जागेवर नव्हती.

जुनी जागा म्हणजे आता नुसतं उघडं सरोवर. तिथे वाऱ्याला अडवायला एक झुडूप नाही. त्या होडीत मी शांत पाण्यातसुद्धा बसले नसते. मी रितच्या नावानं अशी बोंब ठोकली की तो अर्धवट जेवणावरून उठून आला. यीय आमच्या आधी होडीत जाऊन बसलेली. रित म्हणाला, "यीय, तुम्ही थांबा, लाटा फार आहेत."

"तू गप बस आणि यंत्र चालू कर," ती म्हणाली. भाताचा पुडा तिच्या मांडीवर तसाच होता.

पुढचं मला स्वप्नासारखं आठवतं. पाणी आणि आभाळ एकाच राखी रंगाचं झालेलं, मध्ये रेघ नाही. गाव मागे विरघळून गेलं. खिंड नाही, कळस नाही, ताड नाही, एकही खूण नाही. रित फोनकडे बघून होडी हाकत होता. आमचा ठिपका कासवासारखा सरकत होता आणि त्यांचा तिथेच डुलत होता. मध्येच त्यांचा ठिपका करडा पडला, म्हणजे त्यांच्या फोनची खबर येईनाशी झाली. यीयनं माझा हात धरला. हाड मोडेल असं वाटलं, पण मी ओरडले नाही. मी मनातल्या मनात स्वतःला काय काय म्हणत होते ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग ठिपका पुन्हा निळा झाला आणि यीयनं श्वास सोडला.

"तो बघा बांबू!" रित ओरडला.

जुन्या जागेची खूण म्हणून ता दरवेळी एक उंच बांबू रोवून यायचे, टोकाला लाल चिंधी. तो बांबू वाकून वाकून पाण्याला लागत होता. त्याला होडी बांधून ता सारेत बसले होते. होडीत पोटऱ्यांएवढं पाणी. एका हातानं करवंटीनं पाणी उपसत होते, दुसऱ्या हातानं डोक्यावर भाताचे दोन पुडे धरलेले, भिजू नयेत म्हणून. आम्हाला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"आलात? बरं झालं. आई अजून आली नाही."

यीय ओरडली, "अहो, काय मांडलंय हे? मरायचंय का?"

"गाव हललं ना," ते तिला समजावत म्हणाले, लहान मुलाला सांगावं तसं. "आईला कोण सांगणार? ती इथेच येणार. इथे कुणी नाही, चूल नाही. बिचारी शोधत बसेल."

रितनं त्यांचा दोर सोडायला हात घातला तर त्यांनी त्याचा हात झटकला. त्या वयात काय ताकद! म्हणाले, "आई येईपर्यंत मी हलणार नाही." लाट आली आणि होडीत आणखी पाणी शिरलं. रितनं माझ्याकडे बघितलं. ओढून घ्यावं तर दोन्ही होड्या उलटतील. मी तांना काही बोलायला तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. माझ्या! गावात कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

तेव्हा यीय चोम उभी राहिली. हेलकावणाऱ्या होडीत, माझ्या खांद्याला धरून, ओले केस तोंडावर. तिनं पाण्याकडे तोंड केलं आणि बाजारात हाक मारावी तशी खणखणीत हाक मारली.

"सासूबाई! ऐकताय ना? गाव हललंय! डोंगराच्या अंगाला या! विहाराचा कळस खिंडीच्या मधोमध धरा, आणि एकटा ताड टेकडीच्या टोकावर! तिथे आपलं घर! शेवटून दुसरं, निळ्या पत्र्याचं, कुन्थियाच्या दुकानाला लागून! भात केलाय! या!"

वाऱ्यानं तिचा आवाज उचलून नेला. मी पाण्याकडे बघत होते आणि खरं सांगते, मला वाटलं कुणीतरी मान हलवली.

ता सारेतांनी ऐकलं. डोळे बारीक केले, जसे दरवेळी करायचे, मनातल्या मनात दोन्ही रेषा ओढून बघितल्या. "बरोबर सांगितलंस," म्हणाले. "आता येईल ती." आणि त्यांनी स्वतःच्या हातानं दोर सोडला.

परत येताना ते यीयच्या मांडीवर डोकं ठेवून झोपले. ती त्यांच्या गळ्यातली पिशवी मुठीत घट्ट धरून बसली होती. मी रडले. वाऱ्यामुळे डोळ्यांत पाणी आलं असं मी रितला सांगितलं आणि त्यानं मानल्यासारखं केलं.

त्यानंतर ते एकदाही हरवले नाहीत. नव्या वर्षाच्या सणाआधी तापात गेले, घरात, यीयच्या हातून पेजेचे दोन घोट घेऊन. कुठे आहेत ते तिला माहीत होतं, आणि ती मला पुन्हा पुन्हा तेच सांगायची.

त्यांचा फोन तिनं बंद केला नाही. घरात पितरांच्या फळीवर, उदबत्त्यांच्या शेजारी, तो चार्जिंगला लावलेला असतो. पहिल्यांदा पाणी चढलं तेव्हा गाव रितनं ओढलं. यीयचं घर त्यानं सगळ्यांच्या आधी आणलं, म्हातारी एकटी कशाला, म्हणून. तिनं नव्या जागी चूल पेटवली आणि फोन बघत बसली.

मालिसचा कोरियाहून फोन आला. मी तिथेच होते. पोर बिचकत बिचकत म्हणाली, "आई, बाबांचा ठिपका… जुन्या जागीच आहे गं."

मला सगळं माहीत होतं. पत्रा, माझा डबा, न बदललेली नोंद. सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

यीय म्हणाली, "अगं, सगळ्यांचं आवरून मग निघतात ते. येतील."

रोज तेच. "आई, अजून मागेच आहेत." "असू दे. त्यांना कधी घाई होती?" पाणी चढत राहिलं, झाडं गळ्यापर्यंत बुडाली, होड्या ये-जा करत राहिल्या. मग एके दिवशी सकाळी मी कॉफीचं पाणी ठेवत होते तेव्हा मालिसचा आवाज शेजारून ऐकू आला, रडवेला आणि हसरा, दोन्ही. "आई! पोचले गं बाबा. घरी आलेत."

"बघितलं मी," यीय म्हणाली.

मी फळीवरून डोकावले. तिनं एक ताट पुसून घेतलं होतं. "एवढा उशीर करतात का?" ती पितरांच्या फळीकडे बघून म्हणाली आणि भात वाढायला लागली.